बल्बवालीचं गाऱ्हाणं

झालं गेलं विसरावं, समोरच्याला माफ करावं, म्हणजे आपलंच मन हलकं होतं, असं आमच्या भजनी मंडळात कोणी ना कोणी सारखं सांगत असतं. मी मान डोलावते, टाळ वाजवते, प्रसादाचा शिरा खाते आणि घरी येते. माझं मन काही जडबिड नाही. रमाकांत परुळेकरला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही, आणि तरी मला छान झोप लागते, भूक लागते, गुडघे सोडले तर काही दुखत नाही. ज्यांना माफी जमते त्यांनी ती खुशाल करावी. मला ट्रॅकचे कार्यक्रम जमले, आणि त्यांच्या जोरावर मी त्या माणसाचं उट्टं काढलं, तेच इथे सांगते.

आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहायचो, डोंगराच्या उतारावर. दोन खोल्या, पुढे पडवीएवढा ओटा. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली तशी आईने खाणावळ सुरू केली आणि घर तिच्या चुलीवर चालायला लागलं. चूल म्हणजे दोन स्टो. सकाळी त्यांचा भर्र आवाज सुरू झाला की आम्ही उठायचो, आणि ते दोन्ही थांबले की रात्र झाली असं समजायचो. ओट्यावर पंगत बसायची. सगळे आमच्याच बाजूचे, कोकणातून नोकरीला आलेले एकटे बाप्ये. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं, नाहीतर सुकटीची चटणी, आणि वर सोलकढी. आईच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. "माशे मोजून घेतंस, मगे भात कित्याक मोजणंस नाय रे?" असं म्हणत ती वाढतच राहायची. बाबा पाणी द्यायचे आणि गप्प बसायचे. बाबांचं तोंड उघडायचं ते फक्त गाऱ्हाण्याला. कोणाची पूजा असो, बारसं असो, नवीन रिक्षा असो, वाडीतले लोक बाबांना बोलवायचे. नारळ हातात घेऊन, डोळे मिटून ते देवाशी असे काही बोलायचे की जणू तो पंगतीतलाच एक जण. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही, कोणी उठत नाही. आमच्यात हे मोडायची कोणाची छाती नाही.

माझी मोठी बहीण मंगल, आमची ताई, तांदूळ निवडताना गायची. सुपाच्या तालावर. ती गायला लागली की पंगतीतले लोक हळू जेवायचे आणि आई करवादायची, "उरका रे, दुसरी पंगत खोळंबली हा!" पण ती स्वतःसुद्धा स्टोची पिन मारायची थांबायची. ताईचा आवाज गोड वगैरे नव्हता, भरदार होता. ओट्यावरून निघून खालच्या नळापर्यंत जायचा. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, मला सूर कशाशी खातात ते कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण ताई गात असली की मला आपण श्रीमंत आहोत असं वाटायचं.

रमाकांत परुळेकर त्या पंगतीतलाच. मालवणकडचा, आमच्या शेजारच्या गावचा. गोरा, केसांचा कोंबडा, सफारी सूट. 'ऑर्केस्ट्रा चांदणवेल' त्याचा. सगळे त्याला शेठ म्हणायचे, कारण त्याने तसं म्हणायला शिकवलं होतं. महिनोन् महिने तो आमच्या ओट्यावर जेवला. आई त्याला म्हणायची, "लाजा नको, आणखी एक बांगडो घी." तो लाजायचा नाही. आमच्या घरचं मीठ खाऊन, हात धुता धुता तो बाबांना म्हणाला, "दाजी, मंगलला माझ्याकडे पाठवा. भटवाडीच्या पूजेला स्टेजवर उभी करतो. बघा कसं झकास नाव होतं ते." बाबांनी आईकडे बघितलं, आईने ताईकडे. ताई सुपात बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा म्हणजे आमच्या वाडीची दिवाळी. मैदानात मांडव, रोषणाई, आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. त्या वर्षी पुढच्या रांगेत कांदिवलीची मंडळी बसली होती. ताईला त्यांच्या मुलासाठी मागणी घालायचं चाललं होतं, आणि 'मुलगी गाते' हे ऐकून ते मुद्दाम आले होते. आईने त्यांच्यासाठी घावणे आणि नारळाचा रस करून ठेवला होता. ताई अबोली रंगाची साडी नेसली होती, आईची. मी स्टेजच्या बाजूला, अॅम्प्लिफायरच्या टेबलाजवळ उभी होते, तिची पाण्याची बाटली धरून. ताईने एक कोळीगीत सुरू केलं. पहिल्या कडव्यापर्यंत सुंदर. मग माझ्या नाकाला वास आला, स्टोवर दूध करपावं तसा. अॅम्प्लिफायर तापला होता. भोंग्यातून ताईचा आवाज फाटून यायला लागला, फर्र फर्र, मध्येच गायब, मध्येच किंकाळी. ती बिचारी डोळे मिटून गातच होती, तिला स्टेजवर कळत नव्हतं. लोक हसायला लागले. शिट्ट्या सुरू झाल्या. आणि परुळेकर पुढे आला, तिच्या हातातून माईक काढून घेतला, आणि हसत हसत म्हणाला, "मंडळी, माफ करा, पोरगी नवी आहे. घाबरली, आवाज फाटला. बांबू फाटला की बासरी वाजत नाही हो!" मैदान खो खो हसलं. मग त्याने आपल्या माणसाला खूण केली, त्या माणसाने टेबलाखालून दुसरा अॅम्प्लिफायर काढला, वायरी बदलल्या, आणि परुळेकर स्वतः गायला. स्वच्छ. एक खरखर नाही. मी तिथेच उभी होते, माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्याला माहीत होतं. दुसरं मशीन त्याच्यापाशी होतं, ते त्याने स्वतःच्या गाण्यासाठी राखून ठेवलं होतं, आणि आपला ऑर्केस्ट्रा वाचवायला माझ्या बहिणीचा गळा बदनाम केला.

कांदिवलीची मंडळी घावणे न खाता गेली. नंतर निरोप आला की पत्रिका जुळत नाही. वाडीतली पोरं ताईला 'फाटका बांबू' म्हणायला लागली. ती नळावर गेली की मागून फर्र असा आवाज काढायची. परुळेकर दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या खाणावळीत जेवायला लागला. आणि ताई गायची थांबली. थांबली म्हणजे साफच. तांदूळ निवडताना नाही, न्हाणीत नाही, गणपतीच्या आरतीला नुसत्या टाळ्या वाजवायची, ओठ मिटलेले. घरात फक्त स्टोचा आवाज उरला. आई रोज परुळेकरला शिव्या घालायची, सात पिढ्यांच्या. बाबा एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्या वेळी मला त्याचाच जास्त राग यायचा. मी ठरवलं होतं, ह्याच मैदानात, ह्याच पूजेला, त्याच लोकांसमोर ह्या माणसाच्या तोंडून खरं काढायचं. कसं ते माहीत नव्हतं. डूख मात्र धरला होता.

मी तेव्हा अंधेरीला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंगला होते. आम्ही सगळ्या पोरीच, पांढरे अॅप्रन, डोळ्यांपुढे भिंग. तिथल्या एका मैत्रिणीच्या भावाने परदेशातून एक कॅसेट आणली होती, तिच्यात गाण्याचं नुसतंच संगीत, गाणारं कोणी नाही. पोरी जेवणाच्या सुट्टीत ती लावून आलटून पालटून गायच्या आणि हसून लोळायच्या. मी हसत नव्हते. मी बघत होते की ऑर्केस्ट्रा नाही, शेठ नाही, सफारी सूट नाही, एक कॅसेट आणि एक माईक, आणि कोणीही उठून गातोय. आज पोरंटोरं ह्याला कराओके म्हणतात आणि फोनवर करतात. आम्हाला तो शब्दच माहीत नव्हता. आम्ही म्हणायचो ट्रॅक.

मराठी गाण्यांचे ट्रॅक बाजारात मिळत नव्हते, मग आम्ही घरीच केले. खालच्या आळीत डिसोझा अंकल राहायचे, चांदणवेलमध्ये अकॉर्डियन वाजवायचे. त्या पूजेनंतर त्यांनी परुळेकरला रामराम ठोकला होता. "दॅट फेलो, बाबा, त्याला शरम नाय," एवढंच म्हणायचे. ते अकॉर्डियन वाजवायचे, त्यांचा पुतण्या ढोलकी. दुपारी पंगत उठली की दारं-खिडक्या लावायच्या, गोधड्या टांगायच्या, आईला ताकीद द्यायची की आता काही वाजवायचं नाही, आणि टेप करायचं. तरी त्या कोळीगीताच्या ट्रॅकमध्ये, दुसऱ्या कडव्याच्या आधी, आमच्या कुकरची शिट्टी आलीच. आई म्हणाली, "डाळ शिजाक नको? तुमच्या गाण्याक काय लोकां जेवतली?" पुन्हा टेप करायला डिसोझा अंकलना वेळ नव्हता. शिट्टी राहिली ती राहिलीच. पुढे लोकांना ती इतकी पाठ झाली की गायक तिथे थांबायचे आणि सगळं पब्लिक तोंडाने शिट्टी मारायचं.

कार्यक्रम वाढत गेले. मुलुंडच्या सोसायट्या, बोरिवलीची हळदीकुंकवं, कोणाच्या रिटायरमेंटचा समारंभ. लोकांना ऑर्केस्ट्रापेक्षा ह्यात मजा यायची, कारण इथे गाणारे तेच असायचे. पोस्टातले काका, शाळेतल्या बाई, एखादी नवी सून सासूकडे चोरून बघत. मी आधीच बजावायचे, "काका, ट्रॅक कोणासाठी थांबत नाही हां. तुम्ही मागे राहिलात तर तो पुढे जाणार." तरी एक तरी काका असा निघायचाच की संगीत संपून गेलं तरी ह्यांचं अर्धं कडवं शिल्लक. ताई माझ्याबरोबर यायची. गायची नाही. मांडीवर कॅसेटींचा डबा घेऊन बसायची, पेन्सिलीने टेप फिरवून प्रत्येक कॅसेट बरोबर गाण्याच्या तोंडाशी आणून ठेवायची. पडद्यामागे, खाली मान.

आणि मी मशीन सांभाळायचे. लोक मला चेष्टेने बल्बवाली म्हणायचे, त्याचं कारण सांगते. माझ्या बहिणीचा घात मशीनने झाला होता, त्यामुळे माझ्या कार्यक्रमात मशीनने दगा द्यायचा नाही, ही माझी जिद्द. प्रत्येक गोष्ट दोन. कॅसेटचे दोन डेक, दोन माईक, वायरी दुप्पट, प्रत्येक ट्रॅकच्या दोन कॅसेट. डेकची मुंडी, म्हणजे टेप जिच्यावर घासते ती, पुसायला कापूस आणि स्पिरिट, फ्यूजची तार, टॉर्च. दुसरा डेक नुसता ठेवायचा नाही; त्याच्यावर सगळा कार्यक्रम टेप होत राहायचा, म्हणजे तो जिवंत आहे हे डोळ्यांना दिसतं. आणि मांडवातल्या लाइनला काही जोडायच्या आधी मी एका होल्डरमध्ये साधा बल्ब लावून तो टांगायचे आणि बघत बसायचे. बल्ब शांत पिवळा जळला तर ठीक. तो मध्येच पांढरा फटक झाला, मध्येच मंद झाला, की समजायचं लाइन ढिली आहे, कधीही विजेचा दुप्पट दाब येईल आणि जोडलेलं सगळं जाळेल. मग मी गाडीची बॅटरी काढायचे. रिक्षावर भोंगा लावून जाहिरात करतात ना, तसला बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर माझ्यापाशी होता. आणि हे सगळं जोडून झालं की बाबा यायचे, डेकपुढे नारळ ठेवायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. त्याशिवाय मी बटण दाबत नसे. कोणी हसलं तर हसो.

मग एका वर्षी भटवाडीच्या पूजेला कमिटीने आम्हाला बोलावलं. कमिटीचे सेक्रेटरी मोरे, भला माणूस, चाचरत म्हणाले, "शैला, दुपारी तुमचा ट्रॅकचा कार्यक्रम, आपल्या वाडीतल्या हौशी लोकांसाठी. आणि संध्याकाळी... संध्याकाळी चांदणवेल आहे गं. राग मानू नको." मी म्हटलं, "राग कसला? येऊ दे की." घरी येऊन मी आईला सांगितलं तर ती आनंदाने म्हणाली, "मी कोयतो परजतंय." बाबांनी फक्त विचारलं, "तो स्वता येतलो मां?" मी हो म्हटलं. ते तांब्या उचलून पंगतीत पाणी द्यायला गेले.

त्या दिवशी दुपारी मी बल्ब टांगला आणि तो नाचायला लागला. पांढरा, पिवळा, पांढरा. मी लाइनला हात लावला नाही, सगळं बॅटरीवर घेतलं. आमचा कार्यक्रम रंगला. चार वाजून गेल्यावर परुळेकरचा टेम्पो आला. अंग सुटलं होतं, केसांचा कोंबडा विरळ झाला होता, पण सफारी तसाच. त्याने मला ओळखलं, ताईकडे बघितलं आणि नजर फिरवली. त्याची माणसं थेट मांडवाच्या लाइनला वायरी जोडायला लागली. मी जाऊन सांगितलं, "शेठ, लाइन बरोबर नाही. रोषणाई पेटली की दाब चढेल." आपल्या माणसांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आम्ही तुझ्यासारखे बल्ब बघून कार्यक्रम नाही करत गं पोरी. आम्ही गाण्यातली माणसं." मी परत येऊन माझ्या खुर्चीवर बसले. एकदा सांगितलं, साक्षीला मोरे होते. दुसऱ्यांदा सांगायला मी काय त्याची आई होते?

तिन्हीसांजेला कमिटीच्या पोरांनी रोषणाई पेटवली. मैदान गच्च भरलं होतं, पाहुणे पुढच्या सोफ्यावर, परुळेकर माईकसमोर, वादकांनी सुरावट धरलेली. माझा बल्ब मी मुद्दाम काढला नव्हता. तो एकदम पांढरा फटक झाला, डोळे दिपतील इतका, आणि फट्‌दिशी फुटला. तेवढ्यात परुळेकरच्या टेबलावर फाट असा आवाज झाला आणि धूर निघाला. टेबलाखाली त्याचं दुसरं मशीन होतं, तेही त्याच लाइनला जोडून तापवत ठेवलेलं, म्हणजे दोन्ही एकदम गेली. तोच वास, करपलेल्या दुधाचा. खरं सांगते, जगातल्या कुठल्याही अत्तराचा वास मला इतका आवडलेला नाही. मी छाती भरून घेतला. पोरांनी धावत जाऊन लाइन तोडली, पेट्रोमॅक्स आणले. वाजवणारे होते, वाद्यं होती, फक्त आवाज नव्हता. लोकांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. "ओ शेठ, बांबू फाटला काय?" कोणीतरी ओरडलं. त्या माणसाला देव चांगलं ठेवो.

मोरे धावत माझ्याकडे आले. मागोमाग, नाक मुठीत धरून, परुळेकर. घामाने सफारी चिकटलेला. "शैला, तुझं मशीन दे. पाहुणे बसलेत, वाट लागेल माझी." मी म्हटलं, "देते की. आधी माईकवर जाऊन सांगा, त्या वर्षी मशीन जळलं होतं, मंगलचा आवाज फाटला नव्हता." मग त्याचा चेहरा घट्ट झाला. "मी कोणाची माफी मागत नसतो. मेलो तरी नाही. आज कार्यक्रम होणार नाही, झालं. बोंबलू दे लोकांना." आणि तो वळला. इतकी वर्षं जपलेला डाव हातातून सुटत होता. मशीन न देऊन माझा काय फायदा? तो घरी जाईल, दोन शिव्या खाईल, आणि ताई जन्मभर फाटका बांबूच राहील. ताई डबा मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होती.

तेव्हा बाबा उठले. खांद्यावरचा पंचा नीट केला, नारळ उचलला, आणि परुळेकरला अगदी शांतपणे म्हणाले, "माफी नको रे रमाकांता. मशीन घेऊन जा. पण आमचा मशीन गाऱ्हाण्याशिवाय चालणा नाय, तुका म्हायत आसा. ये, बाजूक उभो रव." ह्याला कोण नाही म्हणणार? गाऱ्हाण्याला उभं राहायला नकार द्यायचा, तोही मालवणच्या माणसाने, सत्यनारायणासमोर, भरल्या मैदानात? परुळेकर आला. मी माझा माईक बाबांच्या पुढ्यात धरला आणि आवाज पूर्ण चढवला. बाबांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं मैदान. आमच्या वाडीत साताऱ्याकडचे होते, विदर्भातले होते, मोरे होते, सगळ्यांना इतक्या वर्षांत हे पाठ झालं होतं.

"बारा गावच्या, बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज वर्साप्रमाणा तुझ्या लेकरांनी पूजा घातली हा, ती गोड मानून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्याच जाग्यार, तुझ्याच पूजेक, माझ्या चेडवान, मंगलान, गाणा म्हटल्यान रे म्हाराजा! तेवा मशीन जळला, आणि नाव माझ्या चेडवाच्या गळ्याचा झाला रे म्हाराजा!"

ह्या वेळचं 'व्हय म्हाराजा' हळू आलं. लोक सावध झाले होते. परुळेकरने डोळे उघडले, पण जोडलेले हात सोडता येईनात.

"तेच्यानंतर माझ्या घरात गाणा नाय रे म्हाराजा. माझा चेडू गप झाला. मी बापूस, मी पण गप रवलंय. आज तुझ्या म्होरां सांगतंय." बाबा थांबले नाहीत. "ज्येच्या मशीनान ह्या केल्यान, तो रमाकांत परुळेकर तुझ्या म्होरां हात जोडून उभो आसा. चूक मशीनची होती, चेडवाची नाय. ह्या खरा असात, तर तेच्याच तोंडातसून वदवून घी रे म्हाराजा!"

पेट्रोमॅक्सचा सूं आवाज तेवढा. मी माईक बाबांच्या तोंडापुढून काढला आणि परुळेकरच्या तोंडापुढे धरला. तो एकदा देवाकडे बघत होता, एकदा लोकांकडे. गप्प राहावं तर देवासमोर खोटं, बोलावं तर लोकांसमोर. शेवटी त्याने आवंढा गिळला, तोही भोंग्यातून डोंगरभर ऐकू गेला.

"व्हय म्हाराजा," परुळेकर म्हणाला.

मग जे मैदान उसळलं! आई पुढे येऊन नाचायचीच बाकी होती. "परत म्हण रे मेल्या, माका ऐकाक येवक नाय!" असं ती ओरडत होती. बाबांनी मात्र गाऱ्हाणं रीतसर पुरं केलं, "आणि आता तेचोय कार्यक्रम गोड कर रे म्हाराजा," अशी शेवटची ओळ घालून. ती ओळ मला मुळीच आवडली नव्हती. आजही आवडत नाही. नारळ फुटला. लोकांनी एकच घोष लावला, "मंगल! मंगल!" परुळेकरचे वादक, बिचारे, वाद्यं सरसावून बसले. ताई उठली. स्टेजवर आली आणि वादकांना हात जोडून म्हणाली, "तुम्ही राहू दे. शैली, माझा ट्रॅक लाव."

कोणता ते मला विचारावं लागलं नाही. कॅसेट तिने आधीच पेन्सिलीने तोंडाशी आणून ठेवली होती. डिसोझा अंकलचं अकॉर्डियन सुरू झालं, आणि ताई गायली. सुरुवातीला आवाज चिरकला. इतकी वर्षं बंद गळा, चिरकणारच. कोणी शिट्टी मारली नाही. मग तो खालच्या नळापर्यंत गेला, पूर्वी जायचा तसा. दुसऱ्या कडव्याआधी कुकरची शिट्टी आली, अख्ख्या मैदानाने तोंडाने शिट्टी दिली, आणि ताई गाता गाता हसली. मी मशीनमागे बसून ढसाढसा रडले. पण रडता रडता माझं लक्ष परुळेकरवर होतं. तो स्टेजच्या कोपऱ्यात, माझ्या अॅम्प्लिफायरसाठी ताटकळत उभा होता. त्याला पुरतं गाणं ऐकावं लागलं, मग दुसरं, मग तिसरं. नंतर मी मशीन दिलं. बोलल्याप्रमाणे वागले.

ताई त्यानंतर कधी गायची थांबली नाही. तिचं लग्न मुलुंडला झालं, तिच्या नातवाच्या बारशालाही तीच गायली. चांदणवेल हळूहळू बंद पडला. परुळेकर कुठे दिसला की लोक त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणूनच हाक मारायचे, मागून. पुढे तो बोरिवलीला राहायला गेला, पण नाव त्याच्या आधी पोचलं होतं. पोचवलं कोणी, ते विचारू नका.

मागच्या महिन्यात त्याच्या पुतण्याचा फोन आला. काका गेले, शोकसभा आहे, तुम्ही जुन्या कलाक्षेत्रातल्या, दोन चांगले शब्द बोलाल का? मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. मग ताईला फोन केला. ती म्हणाली, "शैली, गेला गं तो. आता तरी ती कॅसेट पुसून टाक." कारण दुसरा डेक त्या संध्याकाळीही चालूच होता, नेहमीसारखा, सगळं टेप करत. मी म्हटलं, "तू गा. जपायचं काम माझं."

फोन ठेवून मी कपाट उघडलं, डेक काढला, मुंडी स्पिरिटने पुसली आणि कॅसेट लावली. बाबांचा आवाज दोन ओळी आला आणि टेप आत गुंतली. ओढून काढली तर तुटली. इतक्या वर्षांची कॅसेट, तिचा काय दोष? मी शांतपणे उठले, खालच्या कप्प्यातून दुसरी काढली, पेन्सिल घालून बरोबर जागेवर आणली, आणि बटण दाबलं.

"व्हय म्हाराजा," परुळेकर म्हणाला.